आजीच्या डब्यातला चांदीचा रुपया: ग्रेडिंगला पाठवायचा की नाही, हे घरीच कसं ठरवाल

दिवाळी सरली की ओळखीपाळखीतून फोटो यायला लागतात. तळहातावर चांदीचा रुपया, कडेला अजून ओलं कुंकू, आणि खाली प्रश्न: "आजीच्या डब्यातला आहे, 1918 चा. ग्रेडिंगला पाठवू का?" दहातल्या नऊ वेळा मी 'नको' म्हणतो. पण नुसतं 'नको' सांगून भागत नाही, कारण दहावा रुपया खरंच पाठवण्याजोगा निघू शकतो. तो ओळखायला एक भिंग, एक छोटा वजनकाटा आणि थोडा धीर पुरतो.

ग्रेडिंग म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. त्रयस्थ तज्ज्ञ नाणं अस्सल आहे का ते तपासतात, त्याच्या स्थितीला 1 ते 70 मधला आकडा देतात आणि नाणं प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत बसवून परत करतात. या डबीलाच संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली होती. पुढे 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या अमेरिकी कंपन्या सुरू झाल्या आणि तीच पट्टी जगभर रुळली. 60 आणि त्यावरचे आकडे म्हणजे चलनात न झिजलेलं नाणं. त्याला 'एमएस' लावतात. 50 ते 58 म्हणजे 'एयू', जेमतेम झिजलेलं. आपल्याकडचे बहुतेक घरगुती रुपये त्याच्याही खाली असतात.

सगळ्यात आधी: हात आवरा

नाणं धुऊ नका. पितांबरी नको, चिंच नको, राख नको, टूथपेस्ट नको, लिंबू-सोडा नको. मऊ रुमालानं पुसूसुद्धा नका. या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या.

हे इतकं कळकळीनं सांगतो, कारण माझं एक चांगलं नाणं मी याच पायी घालवलं. 1944 चा लाहोर टांकसाळीचा रुपया होता, जवळजवळ न वापरलेला. फोटो छान यावा म्हणून सुती रुमालानं दोनदा, फार तर तीनदा पुसला आणि पाठवला. परत आला तो आकड्याविना. चिठ्ठीवर शेरा होता 'साफ केलेलं'. नंतर भिंगाखाली धरला तेव्हा राजाच्या गालावर एकाच दिशेनं गेलेल्या केसासारख्या रेघा दिसल्या. शेरा बरोबर होता. रुमालातल्या धुळीचा एक कण चांदीवर ओरखडे काढायला पुरतो, कारण चांदी मऊ असते.

आपल्याकडे ही अडचण जास्तच आहे. चांदीचा रुपया हा देव्हाऱ्यातला. दर लक्ष्मीपूजनाला तो घासूनपुसून लख्ख करायचा, पंचामृतानं न्हाऊ घालायचा, हळदकुंकू वाहायचं. पन्नास दिवाळ्या अशा गेल्या की रुपया आरशासारखा चमकतो खरा, पण टांकसाळीतून निघताना त्याच्यावर जो पृष्ठभाग होता तो उरलेला नसतो. ज्या घरात श्रद्धेनं पूजा झाली त्या घरात नाणं घासलं गेलंच. यात कुणाचा दोष नाही. फक्त असा रुपया ग्रेडिंगचा नव्हे, पूजेचा.

काळा पडलेला रुपया मात्र आहे तसा राहू द्या. लाकडी कपाटात, कापडाच्या पुरचुंडीत वर्षानुवर्षं राहून चढलेला करडा, निळसर, कधी तांबूस थर हा दोष मानत नाहीत. उलट, नाण्याला कुणी हात लावलेला नाही याची ती खूण असते.

नाणं नेमकं कुठलं, ते ओळखा

घरातले चांदीचे रुपये बहुधा चौघांपैकी एकाचे असतात: राणी व्हिक्टोरिया (आपला राणीछाप), सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज. राणीच्या रुपयावर 1876 पर्यंत 'क्वीन' आणि 1877 पासून 'एम्प्रेस' असतं. एडवर्डचे रुपये 1903 ते 1910 चे, डोक्यावर मुकुट नसलेले. पाचव्या जॉर्जचे 1911 ते 1922 चे.

टांकसाळीची खूणही पाहा. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाशी कमळ आहे. त्याच्याखाली बारीक उठावदार टिंब असेल तर नाणं मुंबईचं, नसेल तर कलकत्त्याचं. काही वर्षांत एका टांकसाळीचं नाणं सहज मिळतं आणि दुसरीचं मिळत नाही, म्हणून हे टिंब महत्त्वाचं.

आता 1918. लोकांना वाटतं, शंभर वर्षांहून जुना म्हणजे दुर्मीळ. पण त्या एका वर्षात दोन्ही टांकसाळींनी मिळून 40 कोटींहून जास्त रुपये पाडले. पहिल्या महायुद्धात रुपयाची मागणी भडकली, लोक कागदी नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारकडची चांदी संपत आली. तेव्हा एप्रिल 1918 मध्ये अमेरिकेनं पिटमन कायदा केला आणि स्वतःच्या तिजोरीतले 25 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिशांना विकली, मुख्यतः हिंदुस्थानसाठी. तुमच्या आजीच्या रुपयात अमेरिकी डॉलरची चांदी असण्याची शक्यता बरीच आहे. गोष्ट मोठी सुंदर आहे, पण बाजारात तिचे वेगळे पैसे मिळत नाहीत. 1916 ते 1920 या वर्षांचे झिजलेले रुपये आज मुख्यतः चांदीच्या भावानंच जातात.

काही वर्षांपाशी मात्र थांबायचं. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. त्यातले बहुतेक रुपये सरकारनं वितळवले आणि 1912 पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवा ठसा केला. 1921 आणि 1922 चे रुपये मागच्या वर्षांच्या मानानं थोडे पाडले गेले. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया तर खरोखर दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही खूप. अशा नाण्याच्या बाबतीत ग्रेडिंगचा मुख्य उपयोग आकडा मिळवणं हा नाही, अस्सलपणाची खात्री करून घेणं हा आहे.

आणखी एक. 'ईस्ट इंडिया कंपनी, 1818' असं लिहिलेलं, रामदरबार किंवा हनुमान असलेलं तांब्यापितळेचं नाणं घेऊन बरेच जण येतात. कंपनीनं असं नाणं कधीच काढलं नाही. ते देवस्थानाबाहेर विकलं जाणारं टोकन. त्याला ग्रेडिंगला पाठवायचा प्रश्नच येत नाही.

अस्सल आहे का? काटा आणि पाण्याची वाटी

ब्रिटिशकालीन रुपयाचं वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम. हाच एक तोळा. जुने सराफ वजनाला सरळ रुपयाच वापरत, 'रुपयाभार' हा शब्द तिथूनच आलेला. 1939 पर्यंतच्या रुपयात 91.7 टक्के चांदी असे. 1940 पासून ती निम्म्यावर आणली गेली.

शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा बाजारात सहज मिळतो. झिजलेला रुपया 11.4 किंवा 11.5 भरला तर घाबरू नका. दिसायला कोरा आणि वजनाला 11 च्या आत, तर मात्र शंका घ्या. मोठाल्यांची जुनी सवय म्हणजे रुपया फरशीवर टाकून 'खण्ण' ऐकायचा. कृपा करून तसं करू नका, दर वेळी काठाला नवा ठोका बसतो.

त्याऐवजी पाण्याची कसोटी करा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. रुपया दोऱ्यात अडकवून पूर्ण बुडेल असा धरा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. आता काट्यावर जो आकडा दिसेल त्यानं कोरड्या वजनाला भागा. जुन्या चांदीच्या रुपयाचा आकडा 1.13 च्या आसपास येतो, आणि 11.66 भागिले 1.13 म्हणजे साधारण 10.3. हीच त्या मिश्रधातूची घनता. निम्म्या चांदीच्या रुपयाचं उत्तर साडेनऊच्या जवळ येतं. जर्मन सिल्व्हरवर मुलामा दिलेली नक्कल पावणेनऊच्या आसपास अडकते. नंतर नाणं न घासता मऊ टिश्यूवर ठेवून आपोआप वाळू द्या. कोरं करकरीत वाटणारं नाणं असेल तर ही कसोटीसुद्धा स्वतः करू नका, जाणकाराला दाखवा.

1939 च्या रुपयासाठी कडही पाहा. त्याची कड साधी, उभ्या दातांची. 1940 नंतर आलेल्या कडेत मधोमध चर असून त्यात नक्षी आहे. 1939 हा आकडा आणि चराची कड एकत्र दिसली तर तारीख खाडाखोड केलेली समजा.

भिंग हातात घ्या

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खोलीतले बाकीचे दिवे मालवून एकच बल्ब ठेवा. नाणं कडेला धरा, अंगठा आणि तर्जनीत. पृष्ठभागाला बोट लागता कामा नये.

पहिली नजर बारा वाजण्याच्या जागी, राजाच्या डोक्यावरच्या कडेला. महाराष्ट्रात रुपयांच्या माळा किती केल्या गेल्या! कडी डाग देऊन बसवायची आणि पुढं कधीतरी गरजेला ती काढून टाकायची. कडी गेली तरी डागाची खूण जात नाही. तिथले दाते बुजलेले दिसतात, कानशीनं घासल्यासारखा सपाट पट्टा असतो, कधी आजूबाजूला रंगच वेगळा दिसतो. नाणं सावकाश गोल फिरवा आणि कडेचे सगळे दाते एकसारखे आहेत का ते बघा. कडी काढलेलं नाणं ग्रेडिंगमध्ये 'दागिन्यातून काढलेलं' अशा शेऱ्यानं परत येतं, त्याला आकडा मिळत नाही. मोकळ्या भागात सराफानं चांदी तपासायला मारलेले बारीक ठोके असले तरी तीच गत.

मग साफसफाईच्या खुणा. घासलेल्या नाण्यात उंच भाग पांढराफटक आणि अक्षरांचे कोपरे काळे, किंवा उलट कोपऱ्यांत टूथपेस्टचा पांढरा चुना भरलेला. मोकळ्या जागेत बारीक समांतर रेघा. 'रुपी'च्या अक्षरात अडकलेलं कुंकू मी कितीतरी वेळा पाहिलंय. ते कुंकू असलं की घासणंही झालेलं असतं.

आता चमक. नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं करा. टांकसाळीतून आल्यावर ज्याला कुणी छेडलं नाही अशा नाण्यावर प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. पॉलिश केलेल्या नाण्यावर प्रकाश एका जागी लखलखतो आणि तिथंच थांबतो, तो फिरत नाही. हा फरक शब्दांत सांगून पुरेसा कळत नाही. एखाद्या विक्रेत्याकडे खात्रीचं कोरं नाणं मागा, आपल्या घासलेल्या रुपयाशेजारी धरा आणि दोन्ही एकाच दिव्याखाली कलती करा. पाच मिनिटांत डोळा तयार होतो.

शेवटी झीज. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर आधी मुकुटावरची बारीक नक्षी, कान आणि दाढी झिजते, मग झग्यावरचा हत्ती. राणीच्या रुपयावर गाल, कानाजवळचे केस आणि अंगावरच्या वस्त्राची वेलबुट्टी. या उंच जागांचा रंग आजूबाजूपेक्षा करडा, निस्तेज दिसला तर नाणं चलनात फिरलेलं आहे, वेलबुट्टी कितीही ठसठशीत असो. कित्येकदा विक्रेता ज्याला 'यूएनसी', म्हणजे न वापरलेलं, म्हणतो ते इथं एयू ठरतं.

सामान्य वर्षाचा रुपया या सगळ्यातून तरला, म्हणजे अस्सल, कडी नाही, घासणं नाही, झीज नाही, चमक फिरते, तरच पुढचं वाचा. नाहीतर निर्णय झालेला आहे. दुर्मीळ वर्षाचं नाणं असेल तर थोडी झीज चालेल, पुढं वाचा.

पाठवण्याआधी कायदा

ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते आणि तिच्यामुळे खरी अडचण होऊ शकते. पुरावस्तू व कलानिधी कायदा 1972 प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. पाचव्या जॉर्जचा शेवटचा रुपया 1922 चा. म्हणजे राणीचे, एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे सगळे रुपये आज या कायद्यात येतात. कुरिअरनं अमेरिकेला पाठवू नका. न्यू जर्सीला निघालेल्या भाच्याच्या बॅगेतही घालू नका, विमानतळावर त्याला त्रास होईल. कुणी 'आम्ही पाठवतो, तुम्ही चिंता करू नका' म्हणालं तर नाणं कोणत्या देशात, कोणत्या परवानगीनं जाणार ते लेखी विचारा.

अशा नाण्यांसाठी मार्ग उरतो तो देशातच तपासून डबीबंद करून देणाऱ्यांचा. तिथं मी तीन गोष्टी विचारतो. तपासणारी माणसं कोण? नाणं पुढं नकली निघालं तर भरपाई काय? आणि इथल्या लिलावांत त्यांच्या डबीतली नाणी साध्या नाण्यांपेक्षा चढ्या भावानं गेल्याचे निकाल आहेत का? तिसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर नसेल तर डबी कितीही देखणी असली तरी पैसे घालू नका.

परदेशात आधीपासूनच असलेली नाणी वेगळी. लंडनच्या किंवा शिकागोच्या विक्रेत्याकडून तिथंच घेतलेला रुपया तिथल्या तिथं ग्रेडिंगला देता येतो. सहाव्या जॉर्जचे रुपये आणि स्वातंत्र्यानंतरची नाणी अजून शंभरीत आलेली नाहीत, त्यामुळे त्यांना ही अट लागत नाही.

आणि नाणी घरात नव्हे, शेत नांगरताना किंवा जुनी भिंत पाडताना सापडली असतील तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ग्रेडिंगचा विचार त्यानंतर.

आता हिशेब मांडा

कागद घ्या आणि तीन आकडे लिहा. पहिला: नाणं आज आहे तसं विकलं तर काय येईल. दुसरा: डबीतून विकलं तर काय येईल. तिसरा: एकूण खर्च, म्हणजे शुल्क, मध्यस्थाचं कमिशन, जातायेताचं टपाल, विमा आणि परदेशातून परत येत असेल तर कस्टमचा खर्च.

पहिल्या आकड्याचा पाया चांदी. 1939 पर्यंतच्या रुपयात 11.66 गुणिले 0.917 म्हणजे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या भावानं गुणा. ग्रॅमला 100 रुपये धरले तर 1069 रुपये. खरा भाव रोज वर्तमानपत्रात असतो.

दुसऱ्या आकड्यात लोक फसतात. विक्रीला लावलेली किंमत लिहू नका, कुणीही काहीही लावतं. लिलावात प्रत्यक्ष किती रुपयांना गेलं ते लिहा, त्याच वर्षाचं, त्याच टांकसाळीचं, त्याच आकड्याचं नाणं. किमान तीन निकाल पाहा आणि त्यातला सगळ्यात मोठा सोडून द्या. स्वतःच्या नाण्याला मनात जो आकडा दिला असेल तोही एक-दोन पायऱ्या खाली आणा. 64 वाटत असेल तर 62 धरा. आपलं नाणं आपल्याला नेहमीच जास्त चांगलं दिसतं.

समजा नाणं साधं विकून 1500 येतात, 62 च्या डबीतून 3500 आणि खर्च 2500. तर पाठवून 500 चा तोटा. मी तरी फरक खर्चाच्या दुप्पट असल्याखेरीज पाठवत नाही, कारण आकडा मिळेलच याची हमी कुणी देत नाही. सामान्य वर्षांच्या रुपयांचं गणित माझ्या अनुभवात 63-64 च्या वरच जुळायला लागतं.

या टप्प्यावर फोनवरून येणाऱ्या आमिषांना बळी पडू नका. 'तुमचं नाणं दहा लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा' असं कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावानं सांगितलं तर ती फसवणूक आहे. जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारात आपण पडत नाही आणि असं शुल्क घेत नाही, असा इशारा खुद्द बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये दिला आहे.

डोळा तयार करायचा असेल तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था, या दोन्ही जागा बघाच. काचेपलीकडची चांगली नाणी तासभर पाहून आल्यावर घरचा रुपया वेगळा दिसतो.

नाही पाठवायचा ठरलं, तर

बहुतेकांचं हेच ठरेल. आजीची आठवण जपायला आकड्याची गरज नसते. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. 31 मिलिमीटरची गोल पारदर्शक कॅप्सूल अगदी थोडक्या पैशांत मिळते. मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं टाळा, त्यातला पीव्हीसी वर्षा-दोन वर्षांत हिरवट चिकट थर धरतो. कॅप्सूलसोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच, आणि पावसाळ्याच्या आधी ती बदला. एका चिठ्ठीवर लिहा: कुणाचा, कुठून आला, कोणत्या साली तुमच्या हाती आला.

आणि डब्यात पाच-सहा रुपये असतील तर भिंगाखाली सगळ्यात झिजलेला ठरलेला एक बाजूला काढा. लक्ष्मीपूजनाला तोच ठेवा, पंचामृत, हळदकुंकू, सगळं त्याच्यावर होऊ द्या. बाकीचे कॅप्सूलमधून बाहेर काढू नका.